वेषांतर नटाचं, वेषांतर पात्राचं

८ जुलै १९२१ च्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. हा प्रयोग दोन थोर गायक नटांची जुगलबंदी म्हणून सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. मात्र त्या रात्री समोरासमोर उभे राहिलेले दोघेही स्त्रीभूमिका करून मोठे झालेले नट होते, ही गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. केशवराव लहान वयात देवलांची शारदा करून नावारूपाला आले. तिशी गाठेपर्यंत ते पुरुषभूमिकांकडे वळले होते. बालगंधर्व त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तेहतिशीत आलेले, आणि अजून शालूतच. एकाच पिढीतल्या, एकाच धंद्यातल्या दोन माणसांनी वाढत्या वयाच्या प्रश्नाला अशी दोन वेगळी उत्तरं दिली होती. आणि मुंबईत तेव्हा रंगमंचावर उभ्या राहू शकणाऱ्या बायकाच नव्हत्या, असंही नाही.

स्त्रीपार्टी नटांबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे. कुलीन स्त्रिया नाटकात येत नव्हत्या म्हणून पुरुषांना लुगडी नेसावी लागली. स्त्रिया आल्या, तशी ती गरज संपली आणि प्रथाही संपली. हे स्पष्टीकरण इतकं सोयीचं आहे की त्याच्या तारखा कुणी तपासत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या त्या १९१३ साली, बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली तीही १९१३ सालीच. मुंबईच्या कोंकणी तियात्रात १९०४ मध्येच रेजिना फर्नांडिस उभ्या राहिल्या होत्या. तमाशाच्या फडात पठ्ठे बापूरावांच्या जोडीला पवळा होती आणि तिला पाहायला गर्दी लोटत होती. बेळगावसारख्या गावांतून निघालेल्या, केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही फिरत होत्या. स्त्रीपार्टाचा खरा सुवर्णकाळ, म्हणजे १९११ च्या ‘मानापमान’पासून पुढची वीसेक वर्षं, हा स्त्रिया नसल्याचा काळ नव्हता. नट्या होत्या, आणि तरीही प्रेक्षक पुरुषाची भामिनी, पुरुषाची रुक्मिणी, पुरुषाची सिंधू पाहायला जात होते. जे पोकळी भरण्यासाठी आलं असं आपण म्हणतो, ते पोकळी भरत आल्यावरच सर्वांत उंच गेलं, हे कसं?

माझं उत्तर असं, की स्त्रीपार्ट ही सोय म्हणून सुरू झाली असली तरी सोय म्हणून टिकली नाही. प्रेक्षक आणि नट यांच्यात एक करार झाला होता: लुगड्यातला देह कुणाचा आहे हे दोघांनाही माहीत असेल, आणि दोघेही ते मध्ये आणणार नाहीत. ही प्रथा संपली ती बायका आल्या म्हणून नव्हे, तर हा करार मोडला म्हणून. आणि करार एका बाजूला मोडला तसा दुसऱ्या बाजूला नव्या अटींवर पुन्हा झाला. त्या अटी ज्या ज्या वेळी बदलल्या, त्या त्या वेळी बाईचा वेष घेणाऱ्या नटाची ओळखही बदलली.

आरंभ सोयीचा होता, हे मान्य करायलाच हवं. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं तेव्हा सीता मुलानेच केली. दुसरा विचार कुणाच्या डोक्यात आलाही नसावा. दशावतार, यक्षगान, तमाशातला नाच्या पोऱ्या, या सगळ्या परंपरांत पुरुष बाईचं सोंग घेतच होते. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं तेव्हा शकुंतला शंकरराव मुजुमदारांनी केली. पुढे हेच मुजुमदार कंपनीचे व्यवस्थापक झाले आणि ‘रंगभूमी’ मासिकही त्यांनी चालवलं. स्त्रीपार्ट हा त्या काळी आयुष्यभराचा शिक्का नसून नाटकाच्या धंद्यातला एक टप्पा होता, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. भाऊराव कोल्हटकरांचंही तेच. बडोद्याहून आलेला हा देखणा, बुलंद आवाजाचा मुलगा सुभद्रा आणि शकुंतला करून ‘भावड्या’ या लाडक्या नावाने महाराष्ट्रभर गाजला. अंग भरलं, तसा तो पुरुषभूमिकांत गेला. ‘वीरतनय’मधला नायक त्यांनी केला आणि १८९९ च्या ‘शारदा’त ते कोदंड होते. प्रेक्षकांना त्यात विसंगती वाटली नाही. नायिका ही कंपनीतली एक जागा होती, आणि त्या जागेवर दर काही वर्षांनी नवा मुलगा यायचा.

या व्यवस्थेची दुसरी बाजू कौतुकाच्या लेखांत येत नाही. ती मुलं गरीब घरांतली असत. गोड गळा आणि नाजूक चण दिसली की कंपनीचा माणूस आई-बापांना गाठायचा. खाणं, कपडा आणि थोडा पगार यांच्या बदल्यात मूल कंपनीच्या बिऱ्हाडात यायचं, दौऱ्यावर वाढायचं. शाळा सुटायची. आवाज फुटण्याचं वय आलं की त्याचं पुढे काय होणार हे कुणालाच सांगता येत नसे. गाणं टिकलं तर राजापार्ट, नाही तर मागच्या रांगेतला दूत किंवा पेटीवाल्याच्या शेजारची जागा. भाऊराव, केशवराव ही नावं इतिहासात राहिली, कारण त्यांनी तो घाट ओलांडला. ज्यांना तो ओलांडता आला नाही, त्यांच्या मिशा फुटल्या त्या दिवशीच त्यांचा धंदा संपला.

या धंद्यात नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये आले. किर्लोस्कर मंडळींत मिरजेला त्यांनी शकुंतला केली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. बालगंधर्व हे नाव त्यांना त्याआधीच, कोवळ्या वयातल्या गाण्यामुळे मिळालं होतं. ते टिळकांनी दिलं ही आठवण सर्वश्रुत आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: हे नाव बाईचं नव्हे, गाणाऱ्या पुरुषाचं आहे. आयुष्यभर ज्यांनी बाईचा वेष घेतला त्यांना बाईचं एकही स्वतंत्र नाव नव्हतं. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी ही सगळी नाटककाराची माणसं; पडदा पडला की ती संपत. त्याच सुमारास मुंबईच्याच गुजराती रंगभूमीवर याच्या उलट घडलं होतं. १९०१ मध्ये ‘सौभाग्य सुंदरी’ नाटकात नायिका करणारा जयशंकर भोजक हा मुलगा त्या भूमिकेने इतका गाजला की ‘सुंदरी’ हे त्याच्या नावालाच चिकटलं आणि आजही गुजरातीत तो जयशंकर ‘सुंदरी’ म्हणूनच ओळखला जातो. मराठी प्रेक्षकाने आपल्या नटाला तसं नाव दिलं नाही. त्याला नट आणि पात्र यांच्यातली फट ठेवायची होती, असं मला वाटतं. त्याचा आनंद त्या फटीत होता. बालगंधर्व बाई वाटतात, एवढंच कौतुक असतं तर ते एका प्रयोगात संपलं असतं. बालगंधर्व बाई नाहीत हे ठाऊक असताना बाई वाटतात, ही गोष्ट पुनःपुन्हा पाहण्यासारखी होती.

आणि त्यांनी ती ऐश्वर्याने दाखवली. उंची शालू, पैठण्या, दागिने, नाट्यगृहात दरवळणारं अत्तर, गालिचे, यांच्यावर गंधर्व मंडळींचा पैसा पाण्यासारखा गेला आणि कंपनी लाखांच्या कर्जात बुडाली. हिशेब पाहिला तर हा वेडेपणा होता. पण त्या खर्चात त्यांच्या कलेचं एक सूत्र आहे. बालगंधर्वांची स्त्री ही रस्त्यात भेटणारी स्त्री नव्हती, ती घडवलेली स्त्री होती: चालण्याची लय, पदर सावरण्याची ढब, लाजण्याची, रुसण्याची, मान वळवण्याची रीत, आणि त्या सगळ्याला वळसा घालत जाणारं गाणं. ‘एकच प्याला’तली सिंधू दळायला बसते तेव्हाही तिच्या दारिद्र्याला डौल असतो. घरोघरी तिची छायाचित्रं गेली. नऊवारीचं नेसण, अंबाड्यातला गजरा, बोलण्याची लकब बालगंधर्वांसारखी असावी असं शहरी घरांतल्या बायकांना वाटू लागलं. पुरुष बाईची नक्कल करतो या नेहमीच्या समजुतीत ही गोष्ट बसत नाही, कारण इथे बाई पुरुषाची नक्कल करत होती.

यावर एक सबळ आक्षेप आहे. ही आदर्श स्त्री पुरुषांनी लिहिली, पुरुषाने उभी केली, पुरुषांच्या पैशावर चालली. ती सोशिक, सुगंधी, नवऱ्याच्या पायाशी निष्ठा वाहणारी होती, आणि तिने खऱ्या बायकांना कसं वागावं याचे धडे दिले. मग हिच्यात कलेचा विजय पाहायचा की पुरुषी धाक? हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. त्यात आणखी एक धार आहे, जातीची. रंगमंचावर उभ्या राहू शकणाऱ्या ज्या बायका होत्या, त्या बहुतेक कलावंतिणींच्या, कोल्हाट्यांच्या, महार-मांगांच्या घरांतल्या होत्या. पांढरपेशा नाटक मंडळीला गाणारी बाई मिळत नव्हती हे खरं नाही. मंडळीला जी मिळत होती ती नको होती. ब्राह्मण मुलाची शकुंतला सभ्य, आणि पिढ्यान्‌पिढ्या गाणं सांभाळलेल्या घरातली मुलगी शकुंतला झाली तर ते असभ्य, असा तो हिशेब होता. म्हणजे स्त्रीपार्टाने सर्वच बायकांना नव्हे, पण काही विशिष्ट बायकांना नक्की दाराबाहेर ठेवलं. हे मान्य केलं तरी माझा मुद्दा ढळत नाही, उलट घट्ट होतो. ज्या कराराबद्दल मी बोलतो तो निष्पाप नव्हता. त्याला कुंपण होतं, आणि कुंपणाच्या आतल्या प्रेक्षकांना ते कुंपणच सुखाचं वाटत होतं.

मात्र आदर्श स्त्री एकच होती, हे खरं नाही. दीनानाथ मंगेशकर त्याच काळात बळवंत संगीत मंडळींत उभे होते. त्यांची ‘भावबंधन’मधली लतिका अवखळ, टोचून बोलणारी, ‘रणदुंदुभि’तली तेजस्विनी नावाप्रमाणेच. त्यांचं गाणं झेपावणारं, अंगावर येणारं होतं. बालगंधर्वांच्या लडिवाळ आलापाशी त्याचं नातं नव्हतं. एकाच दशकात मराठी प्रेक्षक दोन पुरुषांकडून दोन स्वभावांच्या बायका पाहत होता आणि दोघींनाही दाद देत होता. तो ‘बाई कशी असते’ हे पाहायला गेला असता तर त्यातली एक खोटी ठरली असती. आणि दीनानाथांनी पुढे त्याच ‘मानापमान’मधला धैर्यधर केला, तोही आपल्या ढंगाने. भाऊराव, केशवराव, दीनानाथ, सगळे पलीकडच्या काठावर गेले. बालगंधर्व गेले नाहीत.

गेले नाहीत, असं म्हणताना १९३५ चा अपवाद करावा लागतो, आणि तो अपवादच सगळं सांगून जातो. त्या वर्षी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात शांतारामबापूंनी त्यांना एकनाथांच्या भूमिकेत उभं केलं. पुढच्याच वर्षी त्याच प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला आणि त्यात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. पागनीसही मूळचे स्त्रीपार्टी नट. पागनीसांचा तुकाराम अमर झाला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, व्हेनिसला गाजला. बालगंधर्वांचा एकनाथ लोकांनी आदराने पाहिला आणि विसरला. त्यानंतर १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते मीरा म्हणून कॅमेऱ्यापुढे आले, आणि ते तर अजिबात चाललं नाही. रंगमंचावर तीच मीरा लोकांनी डोक्यावर घेतली होती. फरक नटाच्या वयाचा नव्हता. पन्नाशीला टेकलेल्या बालगंधर्वांना नाटकात लोक तेव्हाही रडत पाहत होते. फरक कॅमेऱ्याचा होता. तो इतका जवळ येतो, की प्रेक्षकाला ‘मला माहीत आहे, पण मी पाहणार नाही’ असं म्हणायला जागाच उरत नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली अण्णा साळुंक्यांनी तारामती केली, आणि ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच, मूकपटातल्या लांबून घेतलेल्या चित्रांत ते खपलं. १९३२ मध्ये प्रभातने तीच हरिश्चंद्राची गोष्ट ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली तेव्हा तारामती दुर्गा खोटे होत्या. एकोणीस वर्षांत तारामती तीच राहिली, पण तिचा देह कुणाचा हा प्रश्न आता विचारला जाऊ लागला होता.

नाटकातही हा प्रश्न आला, आणि तो बायकांनी आणला असं म्हणणं अर्धंच खरं आहे. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपली नूतन संगीत नाटक मंडळी काढली आणि स्वतः नायिका केल्या. पण नाटकं त्याच संगीत घाटाची, म्हणून स्त्रीपार्टाचा शेवट त्यांच्यामुळे झाला नाही. शेवट झाला १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून. नाट्यमन्वंतरच्या मंडळींनी युरोपीय वास्तववादी नाटकाचं रूपांतर केलं, बैठकीच्या खोलीचं नेपथ्य उभं केलं, पदं कमी केली, आणि ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रीला बोलायला लावलं. त्या खोलीत बालगंधर्वांना जागा नव्हती. स्त्री मिळाली म्हणून नव्हे. खऱ्या खुर्चीत बसणाऱ्या, रोजच्या भाषेत बोलणाऱ्या माणसांच्या मध्ये घडवलेली स्त्री बसवताच येत नव्हती म्हणून. १९४२ च्या ‘कुलवधू’पर्यंत हे इतकं रुळलं, की नायिका बाईने करावी यावर चर्चाही उरली नाही. या सगळ्यात एक उपकथा मोलाची आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या आणि नायिका करू लागल्या. त्यांचं गाणं बालगंधर्वांच्या गाण्याशी इतकं मिळतंजुळतं होतं, की त्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांना तोच भास व्हायचा. पुरुषाने रचलेल्या स्त्रीच्या जागी जी खरी स्त्री आली, तिने आवाज मात्र त्या पुरुषाचाच घेतला.

प्रथा संपली म्हणताना आपण फक्त पांढरपेशा रंगभूमीकडे पाहतो. तमाशाच्या गौळणीत राधा आणि गवळणी बायका झाल्या त्याला शंभर वर्षं होऊन गेली. पण त्यांच्याबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी आजही पुरुषच असतो. स्त्रिया मिळत नाहीत म्हणून पुरुष, हा नियम असता तर सर्वांत आधी मावशी गेली असती. मावशी राहिली, कारण तिचं कामच वेगळं आहे. तिच्या लुगड्याखाली मिशीवाला बाप्या आहे हे सर्वांना दिसायलाच हवं. तो ते लपवत नाही, उलट मिरवतो, पेंद्याशी हुज्जत घालतो. इथे फट झाकलेली नाही, तिच्यावरच विनोद उभा आहे. पुढे मध्यमवर्गीय रंगभूमीनेही पुरुषाला लुगडं दिलं ते याच अटीवर. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त मावशी होणारा माणूस हा नाटकातही पुरुषच आहे, विजय चव्हाणांनी १९८५ पासून ती भूमिका इतकी केली की तरुण प्रेक्षकांना तीच त्यांची ओळख वाटली. ‘अशी ही बनवाबनवी’तली दोन ‘बायका’ भाड्याच्या खोलीसाठी बनलेल्या. या सगळ्यांत एक सूत्र आहे. पूर्वी वेषांतर नटाचं असे. पात्र खरोखर स्त्री असे. आता वेषांतर पात्राचं झालं. पुरुषाने साडी नेसावी, पण कथेत त्याला कारण हवं आणि शेवटी टोप निघायला हवा. टोप निघतो त्या क्षणाला जो हशा येतो, त्यात सुटकेचा एक सुस्काराही असतो. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला त्या सुटकेची गरज नव्हती.

ज्या नटाचा टोप कथेत निघत नव्हता, त्याच्यावर या नव्या अटींचा सगळा भार पडला. तो नट म्हणजे नाच्या. कोल्हापूरचे गणपत पाटील हे तमाशापटांतले सर्वांत प्रसिद्ध नाच्या. धोतर, जाकीट, काजळ, मुरकणारी मान, टाळी देण्याची ती ढब, यांतून त्यांनी एक व्यक्तिरेखा घडवली आणि ती चित्रपटामागून चित्रपटात केली. हा नाच्या साडी नेसत नव्हता, हे महत्त्वाचं. साडीतला बालगंधर्व घरी पुरुष होता आणि कुणी शंका घेतली नाही. धोतरातल्या गणपत पाटलांना मात्र पडद्याबाहेरही लोक तसंच समजत राहिले, आणि या शिक्क्याने घरच्यांना काय सोसावं लागलं हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. ते बायको-मुलांचे संसारी गृहस्थ होते, असं त्यांच्यावरचा प्रत्येक लेख आवर्जून सांगतो. त्या आवर्जून सांगण्यातच आपल्या प्रेक्षकाचं बदललेलं मन दिसतं: सोंग हे सोंग राहिलेलं नाही, ते माणसाचं गुपित झालं आहे. आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत नेमकी हीच जखम पकडली, आणि २०१० च्या चित्रपटाने ती घराघरात पोचवली. पैलवानाचं शरीर घेऊन राजा व्हायला निघालेला गुणा नाच्या होतो, आणि त्याचं नाटक संपल्यावरही गाव त्याला नाटकातून बाहेर येऊ देत नाही.

कुणी म्हणेल, ही काळाची चाल आहे. आधुनिक प्रेक्षक भोळा राहत नाही, करार कधीतरी मोडायचाच होता. तसं असेल तर सिंधुदुर्गातल्या दशावताराचं काय करायचं? कुडाळ-सावंतवाडीकडे रेडिओ, सिनेमा, टीव्ही, मोबाइल, सगळं मुंबईपाठोपाठ पोचलं. तिथले प्रेक्षक भोळे नाहीत. नाटक कंपन्यांचे हिशेब आणि नटांच्या खोड्या त्यांना तोंडपाठ असतात. तरीही जत्रेच्या रात्री देवळासमोर मंडप लागतो, पेटारा उघडतो, आणि द्रौपदी, सुभद्रा, राक्षसकन्या पुरुषच उभ्या करतात. दुपारी शेतात किंवा दुकानात दिसलेला माणूस रात्री भरजरी साडीत विलाप करतो आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. संहिता नाही, नेपथ्य म्हणजे एक बाकडं, पेटी-पखवाज-झांज, आणि संवाद नटाने तिथल्या तिथे रचायचे. तिथे बैठकीची खोली कधी आलीच नाही. खऱ्या खुर्चीऐवजी तेच बाकडं सिंहासनही होतं आणि पलंगही, मग नायिकेच्या देहाबद्दल तरी वेगळा पुरावा कोण मागणार? काळ दोन्हीकडे सारखाच चालला. बदलल्या त्या नाटकाच्या अटी, आणि त्या जिथे बदलल्या नाहीत तिथे स्त्रीपार्टी नट आजही तालुक्यात मान असलेला कलावंत आहे.

गेल्या दोन दशकांत मुंबई-पुण्यात दोन नव्या गोष्टी दिसू लागल्या. एक म्हणजे पुरुषांनी सादर केलेली लावणी. ‘बिन बायकांचा तमाशा’सारख्या कार्यक्रमांतून ती आली, त्यांना स्त्री-प्रेक्षकही मोठ्या संख्येने लाभले, आणि आज समाजमाध्यमांवर तिचे तरुण नर्तक घराघरात ओळखले जातात. दुसरी म्हणजे इंग्रजी वळणाचा ड्रॅग: हॉटेलांतले क्लब, प्रकाशझोत, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बाबत निकाल दिल्यानंतर वाढलेला मोकळेपणा. यांना बालगंधर्वांचे वारस म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. ही वंशावळ मला घाईची वाटते. ड्रॅगमध्ये नाटक नसतं, नाटककाराची नायिका नसते. नट स्वतःच एक स्त्री घडवतो, तिला नाव देतो, आणि तीच वर्षानुवर्षं वाढते, बदलते, तिच्या नावाने तो ओळखला जातो. बालगंधर्वांकडे जे नव्हतं नेमकं तेच इथे मुख्य आहे. आणि फट उघडी ठेवून तिच्यावर खेळण्याची जी रीत आहे, ती गंधर्वांची नव्हे, गौळणीतल्या मावशीची आहे. थाटमाट मात्र, त्या शालू-दागिन्यांच्या खर्चासकट, गंधर्वांच्या घरचा. पुरुष-लावणीचं तर आणखी वेगळं. तिथे नर्तक साडी, घुंगरू, अंबाडा सगळं घेतो आणि टोप काढण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणजे १९४० नंतर मध्यमवर्गीय प्रेक्षकाने घातलेली मुख्य अटच तो पाळत नाही, आणि प्रेक्षकही ती विसरल्यासारखा दाद देतो.

या दाद देण्यावर एक हरकत आहे आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी. संगीत बारीत आणि फडात ज्या बायकांनी लावणी जगवली, त्यांना समाजाने कधी इभ्रत दिली नाही; त्याच अदा पुरुषाने शहरातल्या सभागृहात केल्या की त्याला धाडस आणि कला म्हणायचं, हा दुटप्पीपणा नव्हे का? आहे. शंभर वर्षांपूर्वी कलावंतिणीच्या मुलीला वगळून ब्राह्मण मुलाच्या शकुंतलेला सभ्य ठरवणारा जो हिशेब होता, त्याचाच हा नवा खर्डा आहे. पण त्यावर उपाय म्हणून पुरुषाच्या पायातले घुंगरू काढायला सांगणारे, स्त्री कलावंताच्या बिदागीबद्दल आणि तिच्या मुलांच्या शाळेबद्दल सहसा काही बोलताना दिसत नाहीत. आणि आजच्या पुरुष-नर्तकांतले कितीतरी जण लावणी शिकले ते याच बायकांकडून, बारीत बसून, त्यांना गुरू मानून. कार्यक्रमात ते त्यांची नावं घेतात. भामिनी उभी करताना बालगंधर्वांनी कोणत्या बाईची चाल पाहिली, कोणाचा पदर, कोणाचं रुसणं उचललं, हे त्यांच्या काळातल्या एकाही जाहिरातीत छापलेलं नव्हतं.